पहिल्या लेण्यात

फर्दापूरच्या फाट्यावरून येणाऱ्या बसमधून माणसं उतरताहेत. पायऱ्या चढून अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याशी पोचतात तेव्हा सगळी घामाघूम असतात आणि मोठमोठ्याने बोलत असतात. ओसरीत चपला काढायच्या. तळव्यांना गार दगड लागतो आणि कुणी न सांगताच आवाज खाली येतात.

बाहेर रखरखीत ऊन, आत जेमतेम उजेड. रंगांना झळ पोचू नये म्हणून दिवे मुद्दाम मंद ठेवलेत. एक कुटुंब तडक गाभाऱ्याकडे जातं. पहारेकरी फ्लॅश बंद करायला लावतो. फोनमध्ये नुसता काळपट डाग उमटतो. "सगळं उडालंय हो आता," म्हणत ती मंडळी दोन मिनिटांत बाहेर. मला फार हळहळ वाटते. उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधाराला सरावायला वेळ लागतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. दिवे वाढवण्यापेक्षा माणसांना आधी ओसरीत पाच मिनिटं बसवावं, असं मला मनापासून वाटतं.

त्यांच्या मागून शाळेची सहल येते. सोबतचे गाइडकाका मुलींना थेट फरशीवर बसवतात. "डोळे मिटा. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत." कुजबुज थांबते. "हं, आता डावीकडची भिंत बघा."

आधी काहीच नाही. मग तपकिरी रंगातून एक कंबर वळते, दागिने दिसू लागतात. नर्तकी. तिच्याभोवती बासरी वाजवणाऱ्या बायका.

"हा राजा महाजनक. ही त्याची राणी, शिवली. राजाचं मन संसारातून उडालंय, त्याला रमवायला हा नाच चाललाय. आता राजा पुढं कुठं भेटतो, शोधा."

मुली उठतात, पण ढकलाढकली नाही. कठड्याशी ओणवून एकेक चेहरा तपासतात. "काका, हा बघा, घोड्यावर! निघाला पण!" एकाच भिंतीवर तोच माणूस पुन्हा पुन्हा येतो आणि गोष्ट पुढे सरकते, हे त्यांना उमगलंय. गाभाऱ्याच्या डाव्या हाताला असलेल्या बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रापुढे आता काही सांगावं लागत नाही. झुकलेली नजर आणि हातातलं निळं कमळ त्यांचं त्यांनाच दिसतं; मागचं माकड, मोरही त्याच हुडकून काढतात. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं, पाचव्या शतकातलं हे काम. भाताचा तूस मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर ते अजून टिकून आहे.

एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरलीत. धडं चार, तोंड एकच. माना वर करून मुली वाद घालताहेत, तोंड नेमकं कुणाचं.

"चला, अजून दोन, सोळा, सतरा राहिलंय," सर हाक मारतात.

"सर, दोन नंबर राहू दे. ही भिंत अजून एकदा बघू?"

सर घड्याळ बघतात, मग पहारेकऱ्याकडे. पुढची तुकडी ओसरीत चपला काढते आहे.