पाण्याचे थर : समुद्रात, शेततळ्यात आणि विहिरीत

पाणी वरून एकजीव भासले तरी पुष्कळदा ते थराथरांनी रचलेले असते. पाणी तापले म्हणजे प्रसरण पावते व हलके होते; त्यात क्षार विरघळले म्हणजे जड होते. हलके पाणी वर राहते, जड पाणी तळाशी बसते. २० अंश सेल्सिअस उष्णतामानाच्या १,००० लिटर शुद्ध पाण्याचे वजन सुमारे ९९८ किलो भरते; ३० अंशांच्या तेवढ्याच पाण्याचे वजन त्याहून सुमारे अडीच किलोंनी कमी असते. समुद्राच्या तेवढ्याच पाण्यात सुमारे ३५ किलो क्षार असतात. फरक अल्प असला तरी थर वेगळे राखण्यास तो पुरेसा होतो.

समुद्रातील थर

समुद्राचा वरचा थर उन्हाने तापतो व वाऱ्याने घुसळला जातो. त्याखाली उष्णतामान झपाट्याने उतरते आणि सुमारे १,००० मीटरांच्या खाली उष्ण कटिबंधातही पाणी थंडगार असते. बंगालच्या उपसागरात मोठ्या नद्यांचे गोडे पाणी येऊन वर पसरते. त्यामुळे तेथील वरचा थर खालच्या पाण्यात सहजी मिसळत नाही. अरबी समुद्रात बाष्पीभवन अधिक, म्हणून पाणी अधिक खारे. तेथे सुमारे २०० ते १,००० मीटर खोलीवर प्राणवायू अत्यंत कमी आढळतो. वरून पडणारे सेंद्रिय अवशेष तेथे कुजतात व प्राणवायू खर्ची पडतो. वरच्या पाण्याकडून त्याची भरपाई पुरेशी होत नाही.

शेततळ्यातील धोका

हाच नियम मासे पाळलेल्या शेततळ्यासही लागू पडतो. दिवसा वरचे पाणी तापते. तेथील शेवाळ उन्हात प्राणवायू निर्माण करते. तळाशी शेण व उरलेले खाद्य कुजून प्राणवायू संपत जातो. अशा वेळी आकाश ढगाळले व थंड पावसाची सर आली, की वरचे पाणी थंड व जड होऊन खाली उतरते आणि तळाचे निकस पाणी सर्वत्र मिसळते. पहाटे मासे पृष्ठभागी येऊन तोंड उघडू लागले, तर हे संकट ओढवले असे समजावे. पंपाने पाणी उचलून तुषाररूपाने तळ्यातच सोडावे व त्या दिवशी खाद्य देऊ नये. ढगाळ हवेत शेणखत टाकण्याचे टाळावे. स्वच्छ उन्हाच्या दिवशी दुपारी पाणी ढवळल्यास वरचा प्राणवायू तळापर्यंत पोहोचतो व थर साचत नाहीत.

विहिरीचा नमुना

आष्टा व वाळवा तालुक्याच्या इतर भागांत ऊस व हळद ही महत्त्वाची पिके आहेत. कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनींत निचरा अपुरा असून पाणी अतिरिक्त दिले गेल्याने क्षार वाढण्याचा प्रश्न गंभीर झाला आहे. अशा ठिकाणी विहिरीत पावसाचे गोडे पाणी वर व क्षारयुक्त पाणी खाली राहू शकते. बादलीने वरवरचे पाणी काढून तपासणीस पाठविल्यास अहवाल चांगला येतो. पंप मात्र खालचे पाणी शेतास देतो, आणि जमीन हळूहळू नापीक होते. यास्तव पंप सुमारे अर्धा तास चालवून मगच, त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळलेल्या स्वच्छ बाटलीत नमुना घ्यावा. बाटलीवर शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक व दिनांक लिहावा.

गावात दाखविण्याजोगा प्रयोग

काचेच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत पाणी घेऊन त्यात तीन-चार चमचे मीठ विरघळवावे व थोडी शाई टाकावी. त्यावर चमचा आडवा धरून साधे पाणी सावकाश ओतावे. रंगीत पाणी खाली व स्वच्छ पाणी वर, असे दोन थर स्पष्ट दिसतील. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा प्रयोग शेतकरी मेळाव्यात करून दाखवावा आणि त्याच बैठकीत विहिरींच्या पाण्याचे नमुने घेण्याचा दिवस ठरवावा.