सर, सावकाश होडीरि!

गेल्या रविवारी सकाळी सात वाजता माझ्या हातून एक अप्रतिम फटका गेला. ‘टक्’ असा कोरडा, नेमका आवाज झाला. हाताला काही जाणवलंसुद्धा नाही आणि चेंडू सरळ रेषेत उंच जाऊन हिरवळीच्या मधोमध पडला. कुणी पाहिलं का म्हणून मी हळूच मागे वळलो! दहा मिनिटांनी तोच मी, तीच काठी, तसाच चेंडू... आणि फटका थेट उजवीकडच्या झुडपांत!

बेळगावकरांना २०२२ च्या ऑगस्टमधला बिबट्या आठवत असेल. गोल्फ मैदानाच्या परिसरात तो दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शिमोग्याकडून हत्तीसुद्धा आणले, पण पठ्ठ्या काही हाती लागला नाही. माझा ‘स्विंग’ त्याच जातीचा आहे. दिसतो, अंगावर रोमांच आणतो आणि शोधायला गेलं की पसार!

या नादाला मला लावलं ते शेजारच्या निवृत्त कर्नलसाहेबांनी. सहा वर्षांपूर्वी त्यांनी आपली जुनी सात नंबरची ‘आयर्न’ माझ्या हातात दिली आणि मी पाहुणा म्हणून त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. पहिल्या दिवशी वाटलं, यात कठीण ते काय? क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो. इथे तर तो बिचारा गवतावर गप्प बसलेला. वजन जेमतेम ४६ ग्रॅम. तो सव्वाचार इंच रुंदीच्या खड्ड्यात घालायचा, एवढंच!

कठीण काय ते आमच्या मुलीने समजावलं. ती पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, सायन्सला आहे. मी एम.ए. झालेला माणूस, कोन आणि त्रिज्या यांच्याशी माझा संबंध दहावीतच संपला. तिने वहीत आकृती काढली. ‘‘बाबा, चेंडू नुसता तीन अंशांनी वाकडा निघाला, तरी दोनशे मीटरवर तो दहा मीटर बाजूला पडणार.’’ आणि काठीचं तोंड चेंडूला टेकतं ते सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरतं. तेवढ्यात मनगट, कंबर, खांदे, गुडघे सगळ्यांचं एकमत व्हायला हवं. आमच्या घरात संध्याकाळच्या भाजीवरही ते होत नाही!

मग सुरू झाला शोध. बेन होगन या अमेरिकी खेळाडूचं १९५७ चं ‘फाइव्ह लेसन्स’ हे पुस्तक मागवलं. त्यात आधी काठी धरायची कशी तेच सविस्तर सांगितलंय. महिनाभर मी हातात लाटणं धरून पकड घोटवली. पुढे मोबाइलवरचे व्हिडिओ आले. एक म्हणतो डोकं हलवू नका, दुसरा म्हणतो हलू द्या. गच्चीवर केरसुणी फिरवताना दोन कुंड्या फुटल्या. आमची सौ. धारवाडची. ती फक्त ‘‘साकु!’’ एवढंच म्हणाली. त्या एका शब्दात सगळं आलं.

गंमत म्हणजे प्रत्येक उपाय एक दिवस लागू पडायचा. ‘सापडलं!’ म्हणून मी खुशीत घरी यायचो आणि पुढच्या रविवारी पुन्हा झुडपं.

मोठ्यांनाही हा रोग चुकलेला नाही. टायगर वूड्सने १९९७ ची मास्टर्स स्पर्धा बारा फटक्यांच्या फरकाने जिंकली. वय वर्षं एकवीस! तरी त्याने आपला स्विंग मोडून नव्याने बांधायला घेतला, नंतरही एकदा नव्हे, दोनदा बदलला. उलट जिम फ्युरिकची काठी हवेत असं काही वेटोळं घेते की पुस्तकवाल्यांनी डोळे मिटावेत. त्याला शिकवलं त्याच्या वडिलांनी आणि ते वेटोळं त्याने कधी सोडलं नाही. २००३ ची यूएस ओपन त्याने जिंकली. २०१६ मध्ये तर पीजीए टूरवर एक फेरी ५८ फटक्यांत पुरी करणारा तो पहिला खेळाडू ठरला.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरीही मागच्या महिन्यात मी माती खाल्लीच. मुलीला भौतिकशास्त्राच्या पहिल्या चाचणीत ८४ टक्के होते, दुसरीत ६१. जेवणाच्या ताटावरच मी सुरू झालो. ‘‘एकदा जमलं ते पुन्हा का जमत नाही? सातत्य म्हणून काही असतं की नाही?’’ ती काहीच बोलली नाही. ताट अर्धवट ठेवून उठली आणि दार लावून घेतलं. दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. सौ. शांतपणे म्हणाली, ‘‘रविवारी मैदानावरून येता तेव्हा तुम्हाला कुणी असं विचारतं का हो?’’

त्या रविवारी फटके आणखीच बिघडले. आमचा कॅडी पन्नाशीचा, हिंडलग्याकडचा. इतक्या वर्षांत त्याने मला कधी उपदेश केला नव्हता. त्या दिवशी चौथा चेंडू हरवल्यावर म्हणाला, ‘‘सर, जोर ब्याड. सावकाश होडीरि.’’ सावकाश! आपल्या दोन्ही भाषांचा शब्द. त्याने मला दोन्ही पाय जुळवून अर्धाच फटका मारायला लावला. पाय जुळवले की जोर लावताच येत नाही, तोल जातो. वीस चेंडू मारले. एकही लांब गेला नाही, पण एकही झुडपात गेला नाही.

मग म्हणाला, ‘‘चांगला फटका कशाला आठवता सर? वाईट फटका कुठे पडतो ते बघा.’’ घरी येताना तेच डोक्यात होतं. पीजीए टूरवरचे खेळाडूसुद्धा अठरापैकी सरासरी बाराएक हिरवळींवरच ठरल्या फटक्यांत पोहोचतात. बाकी वेळा त्यांचंही चुकतंच. पण त्यांची चूक हिरवळीच्या कडेला पडते, माझी झुडपात. मी सहा वर्षं त्या एका ‘टक्’च्या मागे धावत होतो. आणि मुलीकडे ८४ ची वसुली करत होतो.

त्या संध्याकाळी मी तिची ६१ ची उत्तरपत्रिका मागितली. तिने आधी संशयाने पाहिलं. ‘‘रागावणार नाही,’’ म्हटलं, ‘‘तुझा चेंडू कुठे पडतोय ते बघू.’’ दोघं बसलो. मला विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे तीच सांगत गेली. नऊ मार्क एककं लिहायची राहिली म्हणून गेले, काही घाईत, एक प्रश्न पान न उलटल्यामुळे. न समजलेलं असं एकच प्रकरण निघालं. शेवटी तीच हसली.

तिसऱ्या चाचणीत तिला ७२ आले. या वेळी एककांपायी एकही मार्क गेला नाही. गेल्या रविवारच्या त्या झुडपातल्या चेंडूचं मी तिला सांगितलं. वही पुढे ओढत तिने विचारलं, ‘‘किती अंश, बाबा?’’