बँकेचा नव्हे, कोर्टाचा ‘पीओ’! मराठी-कन्नड येणाऱ्यांनी परिविक्षा अधिकारी कसं व्हायचं?

कमठाणा (ता. बिदर) : ‘पीओ’ म्हटलं की आपल्याकडं बँकेची परीक्षाच डोळ्यांसमोर येते. पदवी झाली की पोरं क्लास लावतात, दोन-तीन वर्षं परीक्षा देतात आणि नाही जमलं तर हैदराबाद किंवा पुण्याची गाडी धरतात. पण आणखी एक ‘पीओ’ असतो, प्रोबेशन ऑफिसर. मराठीत त्याला परिविक्षा अधिकारी म्हणतात. त्याचा पैशाशी संबंध नसतो. कोर्टासमोर आलेला माणूस, त्यातही कमी वयाचं पोरगं, तुरुंगात न पाठवता सुधारू शकेल का, हे पाहून कोर्टाला लेखी सांगणं हे त्याचं काम. बिदर-कलबुर्गी पट्ट्यात हे काम चांगलं करायचं तर मराठी आणि कन्नड दोन्ही यावं लागतं. म्हणून ही माहिती.

हे पद आलं कुठून?

अमेरिकेतल्या बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा एक बूट बनवणारा कारागीर होता. १८४१ मध्ये तो दारूच्या गुन्ह्यात पकडलेल्या एका माणसाला कोर्टात जामीन राहिला. ‘याला माझ्या देखरेखीखाली सोडा’ असं त्यानं सांगितलं. तिथून ही पद्धत वाढत गेली. आपल्याकडं मुंबई प्रांतानं १९३८ मध्ये असा कायदा केला आणि १९५८ मध्ये संपूर्ण देशासाठी अपराधी परिविक्षा कायदा आला.

या कायद्याच्या कलम ४ प्रमाणं, ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही अशा गुन्ह्यात कोर्ट दोषी माणसाला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकतं. ही हमी जास्तीत जास्त तीन वर्षांची असते. कलम ६ तरुणांसाठी जास्त महत्त्वाचं. अशा गुन्ह्यात आरोपी २१ वर्षांच्या आतला असेल, तर कोर्टानं त्याला सहसा कैदेत पाठवायचं नाही. पाठवायचंच असेल तर कारणं लिहावी लागतात आणि त्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो.

१८ वर्षांखालच्यांसाठी बाल न्याय कायदा, २०१५ आहे. त्यांचं प्रकरण नेहमीच्या कोर्टात न जाता जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळापुढं जातं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली एक महिला असावीच लागते.

काम नेमकं काय?

एक उदाहरण घेऊ. समजा, औराद तालुक्यातल्या एका गावचं १६ वर्षांचं पोरगं मोटारसायकल चोरीच्या प्रकरणात बिदरला सापडलं. घरात मराठी बोलतात. आई-वडील ऊसतोडीला लातूर जिल्ह्यात गेलेले. पोरगं आजीपाशी राहतं आणि शाळा सुटून दोन वर्षं झालेली.

पोलिसांनी त्याला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मंडळापुढं हजर करायचं. ताब्यात घेतल्याबरोबर पालकांना आणि परिविक्षा अधिकाऱ्याला कळवायचं. इथून अधिकाऱ्याचं काम सुरू होतं. पहिल्यांदा हजर केल्यापासून १५ दिवसांत त्याला ‘सामाजिक तपासणी अहवाल’ द्यावा लागतो. कन्नडमध्ये याला ‘सामाजिक तनिखा वरदी’ म्हणतात. २०१६ च्या आदर्श नियमांत त्याचा नमुना ठरवून दिलाय, नमुना ६. घरात कोण कोण आहे, कमाई किती, पोरगं शाळा का सोडून बसलं, संगत कुणाची, व्यसन आहे का, शेजारी काय सांगतात, हे सगळं त्यात येतं. आणि शेवटी, या पोराचं पुढं काय करावं याची शिफारस.

जामीन द्यायचा की निरीक्षणगृहात ठेवायचं, समुपदेशन पुरेसं आहे की देखरेख हवी, हे ठरवताना मंडळाला पोराच्या घराबद्दल जे कळतं ते बहुतेक या कागदातूनच. सोडलं तर पुढची देखरेखही बऱ्याचदा हाच अधिकारी करतो. शाळेत परत घालणं, एखादं काम शिकायला लावणं, महिन्या-दोन महिन्यांनी घरी जाऊन बघणं हे सगळं त्याच्याकडं. मोठ्या माणसांच्या बाबतीत १९५८ च्या कायद्यानं गरज पडेल तिथं योग्य नोकरी शोधून द्यायचा प्रयत्न करणंही त्याच्या कामात घातलंय.

दोन भाषा का लागतात?

वरच्या उदाहरणातल्या आजीला कन्नड येत नाही. अधिकाऱ्याला मराठी येत नसेल तर तो शेजाऱ्याला किंवा पोलिसालाच मध्ये घेणार. शेजाऱ्यापुढं आजी घरातली भांडणं सांगेल का? पोलिसापुढं पोरगं मनातलं बोलेल का? मग अहवालात ‘कुटुंबाकडून पुरेशी माहिती मिळाली नाही’ एवढंच लिहिलं जातं. त्या एका ओळीमुळं पोरगं निरीक्षणगृहात राहू शकतं.

कायद्याला ही अडचण माहीत आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ८ मध्ये, मुलाला कामकाजाची भाषा कळत नसेल तर मंडळानं दुभाषी द्यायचा असं स्पष्ट म्हटलंय. मराठी पालकांनी हे लक्षात ठेवावं आणि गरज असेल तर मागावं. पण दुभाषी सुनावणीपुरता असतो. घरी, शेतात, शाळेत जाऊन माहिती काढणारा अधिकारीच असतो.

आणि दोन्ही भाषा ‘थोड्या थोड्या’ येऊन भागत नाही, कारण आपले बरेच शब्द दिसायला एक आणि अर्थाला दोन आहेत. मराठीत ‘अनुमान’ म्हणजे अंदाज, कन्नडमध्ये ‘अनुमान’ म्हणजे संशय. ‘शिक्षकांचं अनुमान आहे’ हे वाक्य तसंच कन्नडमध्ये गेलं तर शिक्षकांचा पोरावर संशय असल्याचा अर्थ निघेल. आपल्याकडं कित्येक घरांत वडिलांना ‘अण्णा’ म्हणतात, कन्नडमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ. ‘अण्णा सांभाळतात’ असं पोरगं म्हणालं, तर पालक म्हणून कुणाचं नाव लिहायचं? कन्नडमध्ये ‘पोषकरु’ म्हणजे पालक, मराठीत ‘पोषक’ म्हटलं की आहार आठवतो. उलट ‘चुलता’ म्हणून आपण मोकळे होतो, कन्नडमध्ये मात्र वडिलांपेक्षा थोरला तो दोड्डप्पा आणि धाकटा तो चिक्कप्पा, असं वेगळं लिहावं लागतं.

कागदपत्रांचंही तसंच. वय ठरवताना कलम ९४ प्रमाणं आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतात. ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. कामासाठी फिरणाऱ्या घरातल्या पोराची टीसी उदगीर किंवा निलंग्याच्या जिल्हा परिषद शाळेत पडून असते, मराठीत लिहिलेली. ती शोधून, वाचून मंडळापुढं ठेवणारा कुणी नसेल, तर १७ वर्षांचं पोरगं १८ च्या वरचं ठरण्याची भीती असते.

पोरगं दुसऱ्या जिल्ह्यातलं किंवा राज्यातलं असेल, तर कलम ९५ प्रमाणं त्याच्या हिताचं असल्यास तिथल्या मंडळाशी विचारविनिमय करून त्याला तिकडं पाठवता येतं. म्हणजे बिदरचा कन्नड कागद लातूरला वाचला जाणार, किंवा लातूरचा मराठी कागद इकडं.

शिक्षण काय लागतं?

आपल्या जिल्ह्यात या कामाकडं जाण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा, कन्नडमध्ये ‘जिल्हा मक्कळ रक्षणा घटक’. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रत्येक जिल्ह्याच्या कक्षात ‘विधी तथा परिविक्षा अधिकारी’ हे पद धरलंय. त्याला एलएल.बी. आणि साधारण दोन वर्षांचा अनुभव लागतो, महिला-बालकांच्या क्षेत्रातला असेल तर उत्तम. योजनेत या पदाचं मानधन महिन्याला २७,८०४ रुपये धरलंय. पद कंत्राटी आहे, हे आधीच समजून घ्यावं.

बी.कॉम., बी.ए. झालेल्यांना तीन वर्षांचं एलएल.बी. करता येतं. त्यासाठी पदवीला सर्वसाधारण गटात ४५ टक्के गुण लागतात, मागास प्रवर्गांना सवलत आहे. एलएल.बी. करायचं नसेल तर याच कक्षात सामाजिक कार्यकर्ता आणि समुपदेशक ही पदं असतात, मानधन १८,५३६ रुपये. त्यांना समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र अशा विषयांची पदवी चालते. बारावी झालेल्यांसाठी क्षेत्र कार्यकर्त्याचं पद आहे, मानधन १०,५९२ रुपये. पैसे कमी आहेत. पण अधिकाऱ्याबरोबर घरोघर फिरून काम शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही, आणि हाच अनुभव पुढं अर्जात दाखवता येतो.

दुसरा मार्ग सरकारच्या कायम पदांचा. कर्नाटकात कलम ३७१ (जे) मुळं कल्याण कर्नाटकातल्या स्थानिकांना आरक्षण आहे. या भागातल्या गट ‘क’ च्या जागांत ते ८० टक्के आहे. मात्र लोकसेवा आयोगाच्या भरतीत कन्नडचा सक्तीचा पेपर असतो. त्याचे गुण मेरिटमध्ये धरत नाहीत, पण किमान गुण न मिळाल्यास बाकीचा पेपर कितीही चांगला गेला तरी उपयोग नाही.

महाराष्ट्रात हे पद महिला व बालविकास विभागाकडं आहे. २०२४ मध्ये पुण्याच्या आयुक्तालयानं परिविक्षा अधिकारी, गट ‘क’ साठी सरळसेवेची जाहिरात काढली होती. इकडच्या मराठी उमेदवारांनी एक गोष्ट तपासावी. महाराष्ट्रानं दावा केलेल्या ८६५ गावांच्या यादीत तुमचं गाव असेल, तर तिथल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा विहित दाखला जोडून महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत अर्ज करता येतो. गाव यादीत नसेल तर हा फायदा नाही, म्हणून फी भरण्याआधी खात्री करा.

तयारी कशी करायची?

आपल्या मराठी शाळेत शिकलेल्यांची खरी अडचण कन्नड बोलण्याची नाही, लिहिण्याची आहे. बाजारात, बसस्टँडवर आपण फाडफाड बोलतो, पण एक पानभर अर्ज लिहायला सांगितला की पेन अडतं. उलट कन्नड शाळेत शिकलेल्या मराठी पोरांना घरची भाषा येते, पण मराठी दाखला वाचताना अडखळायला होतं. ज्याची जी बाजू लंगडी, त्यानं ती आधी धरावी.

त्यासाठी आठवी ते दहावीची कन्नड पाठ्यपुस्तकं घ्या. रोज एक बातमी मराठीतून कन्नडमध्ये आणि दुसरी कन्नडमधून मराठीत लिहा. विचारणे (चौकशी-सुनावणी), वरदी (अहवाल), जामीनु, साक्षी, पोषकरु असे कोर्टातले शब्द वहीत जोडीनं मांडा. १९५८ आणि २०१५ चे दोन्ही कायदे मुळातून वाचा, मुलाखतीत त्यावरच विचारतात.

कंत्राटी पदांची जाहिरात जिल्हा कार्यालय आणि जिल्ह्याच्या सरकारी वेबसाइटवर लागते. ‘आतून लावून देतो’ म्हणणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका.

शेवटची गोष्ट गुप्ततेची. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मुलाचं नाव, गाव, शाळा, फोटो उघड करायला मनाई करतं, आणि अधिकाऱ्याचा अहवालही गोपनीय असतो. आपल्या गावांत सगळे सगळ्यांना ओळखतात. बसमध्ये, हॉटेलात कुणी ‘त्या पोराचं काय झालं?’ विचारलं तर गप्प राहता आलं पाहिजे. ज्याला दोन्ही भाषांत बोलता येतं आणि दोन्ही भाषांत गप्पही बसता येतं, त्यानं या कामाचा अर्ज जरूर भरावा.