जानापावची भट्टी आज कुठे आहे?

इंदूरहून आग्रा-मुंबई रस्त्याने महू मागे टाकून मानपूरकडे निघालं की वाटेत जानापावचा डोंगर लागतो. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८५० मीटर. माथ्यावर परशुरामाचं मंदिर आणि एक कुंड आहे. जमदग्नींचा आश्रम इथेच होता आणि परशुरामाचा जन्मही इथलाच, अशी श्रद्धा आहे. कार्तिक पौर्णिमेला इथे मोठी जत्रा भरते. चंबळ इथे उगम पावते आणि उत्तरेकडे वळून शेवटी यमुनेला मिळते. त्याच डोंगराच्या दक्षिण उतारावरचं पाणी मात्र नर्मदेची वाट धरतं. माथ्यावर पडणाऱ्या पावसाच्या दोन थेंबांपैकी एक बंगालच्या उपसागरात आणि दुसरा अरबी समुद्रात पोचू शकतो, एवढ्यासाठीही हा डोंगर चढावा.

‘जानापाव म्हणजे विझलेला ज्वालामुखी’ असं इंदूरकडे पुष्कळदा ऐकू येतं. त्या बोलण्यात आगीची आठवण खरी आहे, फक्त ती आग एका डोंगरापुरती नव्हती. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास जमीन मैलोन्‌मैल लांब भेगांतून उघडली आणि त्या भेगांतून पातळ, वाहता लाव्हा बाहेर आला. तो पसरला, थिजला, मग त्यावर पुढचा लोंढा आला. असे थरावर थर साचत गेले. आज शिल्लक असलेला हा दख्खनचा कातळ सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापतो, म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त. सह्याद्रीकडे त्याची जाडी दोन किलोमीटरांच्या वर जाते. काही लोंढे तर पार गोदावरीच्या मुखाजवळ राजमहेंद्रीपर्यंत वाहत गेले असावेत, असं भूशास्त्रज्ञ मानतात. माळव्याचं पठार ही या प्रचंड कातळाची उत्तरेकडची बाजू. जानापाव हा त्याच थरांचा पाण्याने कोरून मागे ठेवलेला तुकडा आहे.

हे वाचायला प्रयोगशाळा लागत नाही. पाताळपाणीच्या धबधब्यासमोर उभं राहिलं की कड्यात एकावर एक रचलेले आडवे थर दिसतात. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कातळात कुठे दोन काळ्या थरांमध्ये विटकरी मातीचा पट्टा सापडतो. एक लोंढा थंडावल्यावर पुढचा येईपर्यंत त्याच्यावर ऊनपाऊस पडला, दगड कुजला, माती झाली. तो लाल पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधली विश्रांती. दगडात बारीक भोकं दिसली तर ती लाव्ह्यातून निसटू पाहणाऱ्या वायूच्या बुडबुड्यांची. देवास जिल्ह्यातल्या कावडिया पहाडावर याच कातळाचे कोरून काढल्यासारखे बहुकोनी खांब आहेत. गावकरी ते भीमाने आणून टाकले असं सांगतात. जाड लाव्हा सावकाश निवताना आकसतो, त्याला रेखीव तडे जातात आणि हे खांब तयार होतात.

लाव्हा आला तेव्हा इथे कोणी राहत होतं का? होतं. इंदूरच्या पश्चिमेला धार जिल्ह्यात, बाग आणि कुक्षीच्या परिसरात, या काळ्या कातळाखालच्या गाळाच्या दगडांत डायनोसॉरची अंडी सापडतात. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथली ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली गेली. ती अजस्र, लांब मानेच्या शाकाहारी टायटनोसॉरची. आपल्या गव्हाच्या शेतांखालच्या दगडाखाली एक अख्खी वसाहत अंडी घालून गेली आहे.

आता मूळ प्रश्न. एवढा लाव्हा ज्या भट्टीतून आला ती भट्टी कुठे गेली? माळव्याच्या खाली ती नाही. खरं तर भट्टी गेली नाही, माळवाच निघून आला.

याचा पहिला पुरावा दगडानेच जपून ठेवला होता. लाव्ह्यात लोहाची चुंबकीय खनिजं असतात. लाव्हा थंड होताना ती त्या क्षणीच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत कायमची गोठतात. हे क्षेत्र विषुववृत्तावर जमिनीला समांतर असतं आणि ध्रुवाकडे जावं तसं जास्त जास्त कललेलं. त्यामुळे दगडात गोठलेला कल मोजला की तो दगड कोणत्या अक्षांशावर जन्मला ते काढता येतं. १९५०च्या दशकात ब्रिटनमधल्या संशोधकांनी आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या कातळावर ही मोजणी केली. उत्तर आलं ते विषुववृत्ताच्या दक्षिणेचं. खंड सरकतात ही कल्पना तेव्हा पुष्कळांना पटत नव्हती, आणि इथे आपल्या पायाखालचा दगड आपला जुना पत्ता सांगत होता.

भट्टीचा पत्ता लागायला आणखी काही वर्षं गेली. १९७१मध्ये अमेरिकी भूभौतिकशास्त्रज्ञ डब्ल्यू. जेसन मॉर्गन यांनी कल्पना मांडली की पृथ्वीच्या पोटात खोलवरून तप्त खडकाचे स्तंभ वर चढतात, ते बऱ्यापैकी जागच्या जागी राहतात आणि त्यांच्यावरून भूपट्ट सरकत जातात. निखाऱ्यावरून पापड सावकाश ओढत नेला तर त्यावर करपलेल्या डागांची ओळ उमटते, तशी भूपट्टावर ज्वालामुखींची ओळ उमटते. माळवा सोडून दक्षिणेला समुद्रात उतरलं तर ही ओळ नकाशावर सापडते. लक्षद्वीप, मालदीव, छागोस, मग मास्कारीन पठाराच्या बुडालेल्या टेकड्या, मॉरिशस आणि शेवटी रेयुनियाँ.

१९८७मध्ये ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ या खोदकामाच्या जहाजाने या ओळीवर ठिकठिकाणी समुद्रतळ भेदला. तळावरच्या गाळाखाली काळा लाव्हा निघाला. त्याची वयं अशी: मालदीवजवळ सुमारे ५.७ कोटी वर्षं, छागोसजवळ ४.९ कोटी, मास्कारीन पठारावर ३.३ कोटी. मॉरिशस पाण्यावर आला त्याला एक कोटीही वर्षं झालेली नाहीत आणि रेयुनियाँला तर जेमतेम वीस-तीस लाख. भारत उत्तरेकडे वर्षाला पंधरा सेंटिमीटर किंवा त्याहूनही वेगाने धावत असताना भट्टी त्याच्या पाठीवर खुणा करत राहिली. पुढे दोन भूपट्टांमधली समुद्रतळाची फाट भट्टीवरून सरकली आणि नंतरच्या खुणा आफ्रिकेच्या भूपट्टावर उमटल्या. अपवादाने वेगळं मत मांडणारे संशोधक आहेत, पण बहुतेक भूवैज्ञानिक दख्खन आणि रेयुनियाँ यांना एकाच भट्टीची लेकरं मानतात.

नकाशात इंदूर विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेबावीस अंशांवर आहे आणि रेयुनियाँ दक्षिणेला एकवीस अंशांवर. मध्ये पाच हजार किलोमीटरांहून जास्त अंतर. फ्रान्सच्या अखत्यारीतलं, अडीच हजार चौरस किलोमीटरचं हे बेट आजही धगधगतं आहे. पितों द ला फुर्नेझ हा तिथला ज्वालामुखी जगातल्या सर्वांत सक्रिय ज्वालामुखींपैकी एक. १९७७मध्ये त्याचा लाव्हा एका गावातल्या चर्चच्या दारापर्यंत आला आणि इमारतीला वळसा घालून पुढे गेला. २००७च्या एप्रिलमधल्या उद्रेकादरम्यान त्याच्या शिखरावरचं विवर सुमारे तीनशे मीटर खाली खचलं.

बेटाचा दुसरा ज्वालामुखी, पितों दे नेज, ३,०७० मीटर उंच आणि आता शांत. त्याच्या कुशीत पाण्याने आणि दरडींनी कोरलेली तीन प्रचंड खोरी आहेत. त्यांतलं माफात सर्वांत दुर्गम. तिथे आजही मोटारीचा रस्ता नाही. खिंडीपर्यंत गाडीने जायचं आणि मग पायी दोनेक तास उतरून ला नूव्हेल या वाडीत पोचायचं. उभ्या कड्यांच्या मधल्या लहान लहान सपाट तुकड्यांवर अशा दहाएक वाड्या आहेत, एकूण वस्ती सुमारे आठशे. जड सामान हेलिकॉप्टरने येतं, वीज सूर्याकडून. इथे पहिल्यांदा राहायला आले ते मळ्यांतून पळालेले गुलाम. पकडून नेणारी माणसं पोचणार नाहीत अशी जागा त्यांना हवी होती, आणि ती या कातळाने दिली. गुलामगिरी तिथे २० डिसेंबर १८४८ला संपली. १९५१पासून जवळपास चाळीस वर्षं इव्रिन पोझे या पोस्टमनने या वाड्यांचं टपाल पायी वाहिलं.

एवढी खोल खोरी इतक्या कोवळ्या बेटावर कशी झाली? पावसाने. २००७च्या फेब्रुवारीत वादळात या बेटावरच्या एका ठिकाणी तीन दिवसांत ३,९३० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तो जागतिक उच्चांक आहे. इंदूरला एवढा पाऊस पडायला साधारण चार वर्षं लागतात.

मराठी माणसाला या ओळीशी आणखी एक नातं सांगता येतं. जानापावच्या परशुरामाने समुद्र हटवून कोकण मिळवलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. माळव्यात राज्य उभारणारे मल्हारराव होळकर नीरेकाठच्या होळ गावाच्या घराण्यातले. तिथून माळव्यापर्यंतचा मुलूख, नद्यांची गाळाची खोरी सोडली तर, बहुतेक याच काळ्या कातळाचा. मॉरिशसला गिरमिटिया मजूर नेण्याची पद्धत १८३४मध्ये सुरू झाली आणि कोकण-घाटावरची मराठी कुटुंबंही तिथल्या उसाच्या मळ्यांत पोचली. त्यांनी भाषा आणि गणपती सांभाळला, इतका की तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. ज्या भट्टीने त्यांचा सह्याद्री घडवला होता, तिनेच घडवलेल्या बेटावर ते उतरले होते. काळ्या दगडाचे बांध दोन्हीकडे सारखेच.

म्हणून रेयुनियाँ म्हणजे माळव्याच्या तारुण्याची एक लहानशी झलक म्हणता येईल. लाव्हा वाहतो, पाऊस त्याला फोडतो, फुटलेल्या दगडाची माती होते. हे काम तिथे सुरू आहे, आपल्याकडे साडेसहा कोटी वर्षं चाललं आणि त्यातून काळी, ओल धरून ठेवणारी माती झाली. गहू, हरभरा, सोयाबीन तिच्यावर उभे आहेत, आणि इंदूरची भरभराट बऱ्याच अंशी त्या पिकांच्या बाजारावर. आग आणि भाकरी यांच्यात एवढाच काय तो काळाचा फरक. पुढच्या पावसाळ्यात मुलांना घेऊन जानापाव चढा, भोकांचा एखादा दगड त्यांच्या हातात द्या आणि सांगा, हा विषुववृत्ताच्या पलीकडे जन्मला आणि ज्या भट्टीत जन्मला ती अजून पेटलेली आहे.