मूत्रपिंड बिघडले, तर हृदयालाही जपा



काजूच्या हंगामात घरभेटीला गेलो असता एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "फादर, माझी मूत्रपिंडे थोडी बिघडली आहेत खरी, पण तपासणीत कोलेस्टेरॉल ठीक आले, म्हणून चरबीची गोळी मी बंद केली." अशी समजूत आणखीही काहींची असेल, म्हणून हा प्रपंच.

मधुमेह व रक्तदाब ही या आजाराची नेहमीची कारणे. काणकोणात मात्र ही दोन्ही नसलेल्यांनाही तो जडला आणि त्याचे नेमके कारण अद्याप पुरते उलगडलेले नाही. रुग्णाला धास्ती असते ती डायलिसिसची. पण कित्येकांना डायलिसिसची वेळ येण्याआधीच हृदयविकार गाठतो.

याचे एक कारण रक्तातील चरबीत आहे. मूत्रपिंड कमजोर झाले की ट्रायग्लिसराइड वाढते व हितकारक एचडीएल घटते. अपायकारक एलडीएलचा आकडा पुष्कळदा साधारणच दिसतो. परंतु त्याचे कण बारीक व दाट होऊन रक्तवाहिनीच्या भिंतीत सहज शिरतात. कुळागराच्या पाटात पाणी किती आहे एवढेच पाहून भागत नाही, तळाशी गाळ किती बसला तेही पाहावे लागते. तसेच हे.

म्हणूनच २०१३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी शिफारस केली की, पन्नाशी गाठलेल्या व डायलिसिसवर नसलेल्या अशा रुग्णांना स्टॅटिनची गोळी द्यावी. केवळ एलडीएलच्या आकड्यावर विसंबू नये. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे ९,००० रुग्णांच्या अभ्यासात चरबी उतरवणाऱ्या औषधांनी हृदयविकार व पक्षाघाताचे प्रसंग सुमारे एक षष्ठांशाने कमी झाले. डायलिसिस लागल्यावर गोळी नव्याने सुरू केली तर तितका लाभ दिसत नाही. तेव्हा उपाय वेळीच हवा.

एवढे करावे :

१. मधुमेह वा रक्तदाब असल्यास दरवर्षी रक्तातील क्रिएटिनिन व चरबी आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे.

२. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये.

३. खारवलेली मासळी, लोणची व डुकराच्या मांसाची चरबी बेताने खावी. तंबाखू सोडावी.

४. काजू वेचून कंबर धरली तरी वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्या मूत्रपिंडाला बाधतात.

५. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी शहाळे पिण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. त्यातील पोटॅशियम अपाय करू शकते.

त्या गृहस्थांनी पुन्हा डॉक्टरांकडे जाण्याचे कबूल केले आहे. प्रार्थना चालू ठेवाच, पण औषधही चालू ठेवा. दोन्ही देवाच्याच कृपेची साधने आहेत.