एक माणूस, दोन खाती



माणूस एक, पण त्याच्या नावाची रूपे अनेक. शाळेच्या दाखल्यावर दत्तात्रय, सातबारावर दत्तू, सोसायटीच्या वहीत दत्तोबा. बायकांचे तर विचारूच नका. माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे. गावात याने काही अडत नाही, कारण गाव माणसाला तोंडावरून ओळखते. बँकेतल्या संगणकापुढे मात्र असतात ती केवळ अक्षरे आणि आकडे. त्यांवरून कोणती खाती एकाच माणसाची, हे त्याला ठरवावे लागते. याला आपण नोंदींची जुळणी म्हणू.

ही जुळणी चुकली तर काय होते? १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलई सेंट्रल बँक बुडाली. त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून आपल्या देशात ठेवींचा विमा सुरू झाला. आरंभी दर ठेवीदारामागे १,५०० रुपयांचे संरक्षण होते. २०२० साली ही मर्यादा ५ लाखांवर नेण्यात आली. पण ही मर्यादा खात्यामागे नाही बरे का, माणसामागे आहे. एकाच बँकेत, मग शाखा कोणतीही असो, एकाच हक्काने ठेवलेल्या सगळ्या ठेवींची बेरीज करतात.

आता समजा, एकाच नावाचे दोन गृहस्थ आहेत आणि प्रत्येकाचे ३ लाख बँकेत आहेत. दोघांना एकच मानले, तर बेरीज झाली ६ लाख, आणि मिळणार ५! निष्कारण एक लाखाला कात्री लागली. उलट, एकाच गृहस्थाचे दोन शाखांत चार-चार लाख आहेत आणि त्याला दोन माणसे मानले, तर हक्क पाचाचा असता आठ लाख पदरात पडतील. म्हणजे जोडले तरी धोका, न जोडले तरी धोका. २०१२ साली रिझर्व्ह बँकेने दर ग्राहकाला एकच ओळख-क्रमांक द्यावा असे बँकांना सांगितले. पण तो क्रमांक देण्याआधी माणूस एक की दोन, हे ठरवणे आलेच.

हे ठरवण्याच्या रीती दोन. एक घाऊक जुळणी. दिवसाचे व्यवहार आटोपले, की रात्री संगणक सगळ्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहतो. शिक्षकांनी हा हिशेब वर्गात अवश्य घालावा. एक लाख नोंदींच्या जोड्या किती? सुमारे ५०० कोटी! म्हणून आधी गट पाडतात. जन्मसालाप्रमाणे दोन-दोन हजारांचे पन्नास गट केले, तर जोड्या उरतात सुमारे १० कोटी. मात्र जन्मसालच चुकीचे लिहिले असेल, तर ती नोंद परक्या गटात जाऊन बसते. म्हणून मोबाईल क्रमांकावरून गट पाडून दुसरी फेरी करतात. रात्र हाताशी असल्यामुळे हे जमते.

दुसरी रीत हातोहात जुळणीची. नवा ग्राहक खिडकीशी उभा असतानाच संगणक जवळपासच्या चार नोंदी काढून देतो आणि कारकून विचारतो, “काका, तुमचं आधीचं खातं आहे का हो आमच्याकडे?” या रीतीत वेळ थोडा, पण एक मोठा लाभ आहे. माणूस समोर असतो; त्याला विचारता येते. रात्रीच्या घाऊक जुळणीत विचारायला कोणी नसते.

मग हातोहात जुळणीच पुरे का नाही? ऐका. पहिल्या नोंदीत पॅन क्रमांक आहे, मोबाईल नाही. दुसरीत मोबाईल आहे, पॅन नाही. दोघींत जुळण्यासारखे काहीच नाही, म्हणून दोन माणसे धरली गेली. वर्षभराने तिसरी नोंद आली, तिच्यात पॅनही आहे आणि मोबाईलही. आता कळते की तिन्ही नोंदी एकाच माणसाच्या असाव्यात! त्या-त्या क्षणाला घेतलेला निर्णय चूक नव्हता, अपुरा होता. असे धागे सगळा ढीग एकत्र पाहिल्यावर नीट दिसतात. हातोहात जुळणीजवळ माणूस असतो, घाऊक जुळणीजवळ सगळे चित्र असते. म्हणून दिवसा एक आणि रात्री दुसरी, अशा दोन्ही लागतात.

तरीही काही जोड्या संशयाच्या राहतातच. कॅनडात १९५९ साली हॉवर्ड न्यूकोंब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्म-विवाहाच्या नोंदी संगणकाने जुळवताना एक साधी गोष्ट वापरली : दुर्मिळ नाव जुळले तर पुरावा भारी, सर्रास आढळणारे नाव जुळले तर हलका. पुढे १९६९ साली तेथेच फेलेगी आणि संटर यांनी या विचाराला गणिती पाया दिला. त्यांनी नोंदींच्या जोड्यांचे तीन भाग केले : जुळलेल्या, न जुळलेल्या आणि संशयित. संशयित जोड्या माणसाने तपासायच्या. हा तिसरा भाग गाळून यंत्रावरच सगळे सोपवले, की कोणाचे तरी पैसे अडकलेच म्हणून समजा.

आपल्या हाती काय आहे? शिक्षकांनी दाखल्यावर मुलाचे, वडिलांचे आणि आडनाव पूर्ण लिहावे. घरातले ‘बाळू’ तेथे नको. ठेवीदारांनी सर्व खात्यांवर नावाचे एकच रूप ठेवावे, मोबाईल बदलला तर बँकेला कळवावे, आणि लग्नानंतर नाव बदलले असल्यास दोन्ही नावे जोडणारा कागद द्यावा. आणि बँकेने “ही दोन्ही खाती तुमचीच का?” असे विचारले, तर त्रासून जाऊ नये. नीट पाहून उत्तर द्यावे, कारण त्या प्रश्नाचे खरे उत्तर आपल्याच जवळ असते.