मुक्या सोबत्यांचं जग : भाग ७
कुत्रं कोणाचं?

मागच्या भागात पिल्लू घरी आणताना काय पाहावं, याची चर्चा केली. तेच पिल्लू मोठेपणी चावरं का होतं आणि त्यात मालकाचा वाटा किती, हे आज पाहू.

नांदगाव तालुक्यात मळ्यात राहणाऱ्याला कुत्र्यावाचून भागत नाही. घरं शेतांत विखुरलेली, दारात गोठा, पलीकडे कांद्याची चाळ, विहिरीवर मोटर. एवढ्या पसाऱ्याला राखण लागतेच. मग ‘कुत्रं तिखट पाहिजे’ म्हणून त्याला दिवसभर साखळीला बांधतात आणि अंधार पडला की मोकळं सोडतात. ही रीत जुनी असली तरी चुकीची आहे, असं मला स्पष्ट सांगायचं आहे. तिच्यातून राखणदार तयार होत नाही. भेदरलेलं आणि म्हणूनच धोक्याचं जनावर तयार होतं.

अशा कुत्र्याची जागा एकदा जवळून पाहा. खुंटीभोवती साखळी पोचेल तेवढी जमीन गोल झिजून टणक झालेली असते, तिथे गवताची काडी उगवत नाही. पाण्याचं भांडं साखळीच्या हिसक्यानं उपडं पडलेलं असतं. मीटर पाहायला आलेला वायरमन किंवा दूध न्यायला आलेलं पोर त्या गोलाच्या कडेनं जातं, तेव्हा कुत्र्याला मागे सरकायलाही पुरेशी जागा नसते. घाबरलेलं कुत्रं एक तर दूर जातं, नाही तर जागीच थिजतं, नाही तर अंगावर येतं. साखळीमुळे दूर जाण्याची वाट बंद होते. ते अंगावर धावलं की समोरचा माणूस मागे हटतो. धाव घेतली की भीती टळते, हे कुत्रं रोज शिकत राहतं. रात्री साखळी सुटते, ही सवय सुटत नाही. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात चावलेल्या आणि न चावलेल्या कुत्र्यांची तुलना करणारा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. चावलेल्यांमध्ये अंगणात साखळीला बांधलेली कुत्री आणि नसबंदी न केलेले नर यांचं प्रमाण जास्त होतं.

आता माळावरच्या मेंढपाळाचं कुत्रं पाहा. पिल्लू असल्यापासून ते मेंढ्यांत, बिऱ्हाडातल्या पोरांत आणि वाटेवरच्या माणसांत वाढतं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत पिल्लाला जे जे दिसतं, ते पुढे त्याला परकं वाटत नाही. स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर १९६५ साली ग्रंथरूपानं हे मांडलं. रात्री वाड्याजवळ अनोळखी पाऊल वाजलं तर मेंढपाळाचं कुत्रंही धावून येतं. पण ते दिवसभर मालकाबरोबर चाललेलं असतं आणि त्याची हाक ओळखतं. राखणीला हीच ओळख उपयोगी पडते.

चावा बहुतेक वेळा अचानक येत नाही. आधी कुत्रं तोंड फिरवतं, जिभेनं नाक चाटतं, झोप आलेली नसताना जांभई देतं. मग कान मागे जातात, शेपूट पोटाखाली जाते, अंग ताठ होतं, नजर रोखली जाते. गुरगुर त्यानंतर येते. ब्रिटिश पशुवैद्य केंडल शेफर्ड यांनी या खुणा शिडीच्या पायऱ्यांसारख्या मांडून दाखवल्या आहेत. गुरगुरल्याबद्दल काठी खाल्लेलं कुत्रं गुरगुरणं सोडतं, पण त्याची भीती तशीच राहते, आणि पुढच्या वेळी ते थेट दात लावतं. म्हणून जेवणाऱ्या कुत्र्याजवळ रांगणारं मूल गेलं आणि कुत्रं गुरगुरलं, तर आधी मूल उचला. शांत कुत्रं एकाएकी चिडकं झालं तर कान, दात किंवा सांधा दुखत असेल, पशुवैद्याला दाखवा.

कायद्यानेही मालकाची जबाबदारी ठरवली आहे. कुत्रं अवाजवी वेळ आखूड किंवा जड साखळीला बांधून ठेवणं, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हे आहेत. निष्काळजीपणानं जनावर मोकाट ठेवून माणसाला धोका निर्माण केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुंबईत २०१० साली एक रॉटवायलर मालकाच्या नातेवाइकाला चावला. त्या मालकाला २०२३ मध्ये न्यायालयानं तीन महिन्यांची शिक्षा सुनावली. वरळीत २०१८ साली लिफ्टमध्ये शेजाऱ्याला कुत्रा चावला. तिथल्या मालकाला २०२५ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. खेड्यातल्या मालकालाही कायदा हाच आहे.

खेड्यात मात्र खटल्यापर्यंत गोष्ट जातच नाही. कोणाला कुत्रं चावलं की पहिला प्रश्न येतो, ‘कुत्रं कोणाचं?’ आणि कालपर्यंत भाकरी घालणारा म्हणतो, ‘आमचं नाही, असंच येतं.’ या एका वाक्यानं जखमी माणसाचा जीव टांगणीला लागतो. कुत्र्याला लस दिली होती का, ते सांगायला कोणी उरत नाही, आणि दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवायलाही कोणी नसतं. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून चावा घेतला तर मालकानं स्वतः पुढं व्हावं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवावी. चुना, तिखट, हळद काही लावू नये. जखमीला लगेच सरकारी रुग्णालयात न्यावं आणि लशीचे सगळे डोस पूर्ण होतील हे पाहावं. खोल जखमेला लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. कुत्र्याला मारू नये, लांब नेऊन सोडू नये. बंदिस्त ठेवून दहा दिवस पाहावं.

ही वेळ येऊ नये म्हणून करायचं ते अवघड नाही. दरवर्षी रेबीजची लस, वेळेवर नसबंदी, सकाळ-संध्याकाळ बांधावरून एक फेरी. घराभोवती कुंपण घालून कुत्रं आत मोकळं ठेवा. ते जमत नसेल तर दोन खांबांमध्ये तार ताणून तीवर सरकती साखळी लावा आणि तिथे सावलीची व पाण्याची सोय करा. रात्री रस्त्यावर सोडू नका. पहाटे त्याच रस्त्यानं शाळेची पोरं आणि दूधवाले जातात. ज्याला कुत्र्याची राखण हवी, त्यानं चारचौघांत ‘हे माझं’ म्हणायची तयारी ठेवावी. ती नसेल तर कुत्रं पाळू नये.

पुढच्या भागात : रेबीजची लस कुत्र्याला कधी, किती वेळा आणि कुठे द्यायची.